मुजावर यायच्या आधी

रविवारी दहाला मुजावर येणार, अंदाज द्यायला.
म्हणून शनिवारी सकाळपासनं
हे मागच्या दारी उकिडवे बसलेत.

लेक फोनवर म्हणते डेक.
आम्ही म्हणतो माच.
मुजावर काय म्हणतो ते कोटेशनवर कळेल,
पण आपल्याला काय हवंय हे आपल्यालाच ठाऊक नसेल
तर तो त्याच्या सोयीचं बांधून जाईल,
असं ह्यांचं मत.
मोरीची फरशी अशीच झाली.
पाणी अजून उलटं, घरात येतं.

वहीचं पान मधोमध दुमडलं.
एकीकडं विचारायचं,
दुसरीकडं बोलायचं नाही.

विचारायचं:
साल की सागवान, की ते प्लास्टिक मिसळलेलं
जे कुजत नाही म्हणे, पण उन्हात पाय ठेवू देत नाही.
खाली अँगल किती जाडीचा.
राडारोडा कोण उचलणार.
उचल किती,
आणि ती घेतल्यावर फोन किती दिवस उचलणार.

बोलायचं नाही:
साठवलेत किती.
रेडेकरांनी दुसरा माणूस सुचवलाय.
दिवाळीच्या आत व्हायला हवंय.

मग मापं.
कपाटातनं ह्यांनी पोलादी पट्टी काढली,
उद्यमनगरात पॅटर्न शॉपला
बत्तीस वर्षं हातात होती ती.
भिंतीपासून जांभळापर्यंत
पंधरा फूट दहा इंच.
मी मागनं शिवणाची टेप लावत गेले,
खुणेला कपड्याचे चिमटे.
सोळा फूट भरलं.

"तुझी टेप आखडलीया."
"तुमचे डोळे."
परत मोजलं. परत तेच.
दोन इंच गेले कुठं?

मग ह्यांनी पट्टी उलटी केली,
कोपरा अंगठ्यानं पुसला
आणि एकटेच हसले.
ही ओतकामाची पट्टी.
हिचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
लोखंड थंड होताना आटतं,
म्हणून लाकडाचा साचा
आधीच तेवढा वाढवून घ्यायचा.

बत्तीस वर्षं हे आटणं धरून मोजत आले,
आणि मी म्हणायचे,
ह्या माणसाला आपलं घर
नेहमी थोडं कमी का भरतं.

वहीत सोळा लिहिलं.

दुपारी मुजावरचा फोन.
एका वेळी माणसं किती बसणार?
त्यावर खालचा सांगाडा ठरतो.
हे म्हणाले, दोन.
मी चुलीपाशी होते, तिथनंच म्हटलं, आठ.
फोनवर हात ठेवून, "आठ कोण?"
आपण दोघं. लेक, जावई, त्यांची दोन.
तुमचा भाऊ, बोलत नसलात तरी.
वहिनी.
"येतात कवा ही सगळी?"
येत नाहीत.
पण मोजा की तुमच्याच पट्टीनं.

बराच वेळ फोन तसाच धरून राहिले,
पलीकडं मुजावर हॅलो हॅलो करतोय.
मग म्हणाले, आठ.
वर चार कुंड्या. मातीसकट.

संध्याकाळी फक्की आणली,
तालमीच्या पोरांकडनं, मैदान आखून उरलेली.
सोळा बाय दहाचा चौकोन,
एक कोपरा जांभळाला वळसा घालून,
कारण झाड तोडायचं नाही
हे विचारायचं की बोलायचं नाही
त्यावर अजून एकमत नव्हतं.

रंकाळ्याकडनं वारा आला,
शेवाळाचा वास घेऊन.
दोन खुर्च्या आत टाकल्या. गवतातच.
चहा झाला.

रेडेकर भिंतीवरनं डोकावले.
"झाला व्हय माच? येऊ काय?"
"या की," हे म्हणाले.
"पण पायरी तिकडनं हाय.
रेघेवरनं पाय टाकू नका."